आधी वारा, मग इंजिन

विमान चालवायला शिकण्याचा खर्च तासावर मोजला जातो. मोटार शिकणारा महिन्याची फी भरून मोकळा होतो. विमान शिकणाऱ्याला इंजिन जितके तास चालले तितक्या तासांचे पैसे भरावे लागतात. दोन किंवा चार आसनी प्रशिक्षण विमानाचा एक तास भारतात साधारण बारा ते अठरा हजार रुपयांना पडतो. विमानाचे खास पेट्रोल, ठरावीक तासांनी करावीच लागणारी इंजिनाची तपासणी, सुटे भाग, विमा आणि प्रशिक्षकाचे मानधन असे सगळे त्यात येते. यातला मोठा वाटा या ना त्या वाटेने इंजिनावरच जातो. म्हणून कमी पैशांत उडायला शिकायचे असेल, तर इंजिनाविना किती शिकता येते आणि इंजिनाचा खर्च दुसरे कोणी उचलते का, हे दोन प्रश्न आधी सोडवावे लागतात.

मुळशी तालुक्यातल्या दहावी-बारावीच्या मुलामुलींना हे प्रश्न सोडवणे इतर अनेक ठिकाणच्या मुलांपेक्षा सोपे जाते. वरवर पाहता तसे वाटत नाही. तालुक्यात धावपट्टी आहे ती अँबी व्हॅलीची, खासगी वसाहतीतली. लोहगावचा विमानतळ हवाई दलाचा, आणि तिथे छोट्या शिकाऊ विमानांना फारसा वाव नाही. पण पौडपासून चाळीस-पन्नास किलोमीटरच्या टापूत हडपसरचे सरकारी ग्लायडिंग सेंटर आहे, कामशेतच्या पॅराग्लायडिंगच्या टेकड्या आहेत, पुण्यातल्या महाविद्यालयांत एनसीसीची एअर विंग आहे आणि तालुक्याच्या हद्दीजवळच, खडकवासल्याला, राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी म्हणजे एनडीए आहे. या चारही वाटा इंजिनाच्या विमानापेक्षा स्वस्त आहेत आणि त्यांतल्या दोन जवळजवळ फुकट आहेत.

आधी वयाचा हिशेब. भारतात नागरी उड्डाणाचे परवाने नागरी विमान वाहतूक महासंचालनालय, म्हणजे डीजीसीए, देते. विद्यार्थी वैमानिकाचा परवाना सोळाव्या वर्षी मिळू शकतो. दहावी उत्तीर्ण असणे आणि डॉक्टरांचे प्रमाणपत्र या त्याच्या मुख्य अटी. या परवान्यावर प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली शिकता येते आणि त्याने परवानगी दिल्यावर एकट्याने विमान नेता येते, पण प्रवासी बसवता येत नाही. खासगी वैमानिकाचा परवाना सतराव्या वर्षी, तर व्यावसायिक परवाना अठराव्या वर्षी. अठराव्या वर्षाआधी मोटार चालवण्याचा पक्का परवाना न देणारा कायदा सोळा वर्षांच्या मुलाला एकट्याने विमान नेऊ देतो, हे ऐकून अनेक पालक चमकतात. आकाशात गर्दी कमी आणि देखरेख जास्त, एवढेच त्याचे कारण.

कोवळ्या वयात लांबची उड्डाणे करणाऱ्यांची परंपरा आपल्याकडे जुनी आहे. भारतात दिलेला वैमानिकाचा पहिला परवाना १० फेब्रुवारी १९२९ रोजी मुंबईत जे. आर. डी. टाटा यांना मिळाला. त्याच वर्षी आगाखान यांनी इंग्लंड आणि भारत यांमध्ये एकट्याने उड्डाण करणाऱ्या पहिल्या भारतीयाला ५०० पौंडांचे बक्षीस जाहीर केले, तेव्हा टाटांना मागे टाकून ते जिंकणारा ॲस्पी इंजिनिअर हा मुलगा अवघ्या सतरा वर्षांचा होता. टाटा कराचीहून इंग्लंडकडे निघाले होते आणि ॲस्पी उलट दिशेने येत होता. इजिप्तमध्ये दोघांची गाठ पडली. ॲस्पीचे विमान स्पार्क प्लगअभावी अडकून पडले होते. टाटांनी आपल्याजवळचे जादा प्लग त्याला दिले आणि पुढे शर्यत हरले. हाच मुलगा १९६० साली भारतीय हवाई दलाचा प्रमुख झाला.

ग्लायडर म्हणजे इंजिन नसलेले विमान. त्याला पंख, शेपूट, सुकाणू, दांडा आणि पायाखालची पट्टी असे सगळे विमानासारखेच असते, फक्त नाकाशी पंखा नसतो. हा खेळ वाढला तोच अडचणीतून. पहिल्या महायुद्धानंतर व्हर्सायच्या तहाने जर्मनीत इंजिनाच्या विमानांवर कडक बंधने आली, तेव्हा तिथल्या विद्यार्थ्यांनी १९२० पासून वासरकुपे नावाच्या डोंगरावर बिनइंजिनाची विमाने घेऊन जायला सुरुवात केली. दहा-बारा वर्षांत त्यांनी हवेविषयी जे शिकून घेतले, ते इंजिनवाल्या देशांनाही ठाऊक नव्हते. आजही युरोपात चौदा वर्षांचा मुलगा ग्लायडर एकट्याने उडवू शकतो. भारतात त्यासाठी सोळापर्यंत थांबावे लागते.

पुण्याचे ग्लायडिंग सेंटर हडपसरला सासवड रस्त्यालगत आहे. ते डीजीसीएच्याच अखत्यारीत येते. बसच्या थांब्याला त्याचे नाव आहे, पण त्या थांब्यावर रोज उतरणाऱ्या बऱ्याच लोकांनी भिंतीपलीकडचे मैदान कधी पाहिलेले नसते. इथे ग्लायडर वर जाते ते विंचने. विंच म्हणजे मोटारीच्या जातीच्या इंजिनावर फिरणारा भलामोठा रहाट. मैदानाच्या एका टोकाला विंच, दुसऱ्या टोकाला ग्लायडर आणि मध्ये जवळजवळ किलोमीटरभर तार. रहाट तार गुंडाळू लागला की ग्लायडर दोन-चार सेकंदांत जमीन सोडते आणि पतंगासारखे नाक वर करून चढते. पाऊण मिनिटात हजार फूट उंची येते. तिथे शिकणारा मूठ ओढतो, तार सुटते आणि एकदम शांतता होते. ऐकू येतो तो फक्त वाऱ्याचा आवाज, आणि त्याच्यावरून वेग ओळखायला पहिल्याच आठवड्यात शिकवतात. आवाज वाढला तर नाक खाली गेले आहे, आवाज पडला तर वेग पडतो आहे.

प्रशिक्षणाची जुनी लाकडी ग्लायडरे एक मीटर खाली येताना साधारण वीस मीटर पुढे जातात. म्हणजे हजार फुटांवरून, स्थिर हवेत, सहा किलोमीटर. वेळेच्या हिशेबात पाच-सहा मिनिटे. एवढ्याशा वेळात शिकणाऱ्याला वाऱ्याबरोबर जाण्याचा टप्पा, आडवा टप्पा आणि वाऱ्याला तोंड करून उतरण्याचा टप्पा असा चौकोन पुरा करावा लागतो. पाच मिनिटांचे उड्डाण ऐकून काहींची निराशा होते. पण शिकण्याच्या दृष्टीने पाहिले तर यात मोठा फायदा आहे. विमान शिकताना सगळ्यात अवघड असते ते उतरणे, आणि ग्लायडरचे प्रत्येक उड्डाण उतरण्यानेच संपते. इंजिनाच्या विमानात तासभर पैसे मोजून मोजकीच उतरणी होतात. शिवाय इंजिनवाल्याला उतरणे बिघडले तर पुन्हा वर जाऊन दुसरा प्रयत्न करता येतो. ग्लायडरला दुसरा प्रयत्न नाही. अंतर, उंची आणि वारा यांचा अंदाज पहिल्या खेपेलाच बरोबर यावा लागतो, आणि तो अंदाज वैमानिकाच्या अंगात कायमचा मुरतो.

याचा दाखला २३ जुलै १९८३ रोजी कॅनडात मिळाला. एअर कॅनडाच्या बोइंग ७६७ विमानात पौंड आणि किलो यांच्या गोंधळामुळे इंधन कमी भरले गेले आणि ४१ हजार फुटांवर दोन्ही इंजिने बंद पडली. कॅप्टन बॉब पिअरसन हे हौशी ग्लायडर वैमानिक होते. गिमली इथल्या जुन्या धावपट्टीवर येताना विमान गरजेपेक्षा उंच आहे हे त्यांच्या लक्षात आले. त्यांनी ग्लायडरवाले करतात तसे विमान तिरके करून हवेत आडवे घसरवले, उंची घालवली आणि सगळ्यांना जिवंत खाली आणले.

ग्लायडरमधली उपकरणे मोजकीच असतात, आणि त्यांतले सगळ्यात उपयोगी उपकरण म्हणजे काचेवर चिकटवलेला लोकरीचा दोरा. दोरा सरळ मागे पडलेला असेल तर हात आणि पाय एकमेकांशी जुळले आहेत. तो डावी-उजवीकडे गेला तर वळण चुकते आहे. विमानविद्येत याहून स्वस्त साधन दुसरे नसेल.

पाच मिनिटांचे उड्डाण तासभराचे करायचे तर वर चढणारी हवा शोधावी लागते. उन्हाने जमीन सगळीकडे सारखी तापत नाही. काळी नांगरट, मुरमाड माळ, पत्र्यांची छपरे लवकर तापतात, तर उसाचे रान आणि तलाव थंड राहतात. तापलेल्या जागेवरची हवा हलकी होऊन लोटाने वर निघते. ग्लायडरवाले तिला थर्मल म्हणतात. मार्च-एप्रिलमध्ये शेतात उठणारी वावटळ म्हणजे याच थर्मलचे धुळीने दिसू लागलेले बूड. घार पंख न हलवता ज्या जागी गिरक्या घेत वर चढते ती हीच जागा. ग्लायडरचा वैमानिक घारीच्या खालोखाल जाऊन तशीच गिरकी धरतो. शेतकऱ्याच्या घरातल्या मुलाला यातले निम्मे निरीक्षण आधीच ठाऊक असते, फक्त त्याला त्याची नावे माहीत नसतात. पुण्याच्या आसपास फेब्रुवारी ते मे हा यासाठी उत्तम काळ. जूनमध्ये पाऊस आला की उड्डाणे थांबतात.

इथे एक गंमत नोंदवण्यासारखी आहे. भारतात ग्लायडर बनवण्याचे काम १९५० नंतर सरकारी नागरी उड्डयन खात्याच्या दिल्लीतल्या तांत्रिक केंद्रात एस. रामामृतम यांच्या पुढाकाराने सुरू झाले. पहिल्या ग्लायडरचे नाव ठेवले अश्विनी. ते १९५८ साली उडाले. नंतर रोहिणी, कार्तिक, भरणी, मृगशीर्ष आणि आर्द्रा आली. कार्तिक हे कृत्तिकेच्या जागी धरले, तर अश्विनी ते आर्द्रा ही पहिली सहा नक्षत्रे पुरी झाली. रोहिणी हे लाकडी, शेजारी-शेजारी बसायची सोय असलेले दोन आसनी ग्लायडर देशभरच्या केंद्रांत शिकवण्यासाठी वापरले गेले. रोहिणी आणि मृगाकडे डोळे लावून बसणाऱ्या मुलखात पावसाच्या नक्षत्रांची नावे बिनपावसाच्या दिवसांत उडणाऱ्या यंत्रांना मिळाली.

ग्लायडिंग स्वस्त का पडते याचे आणखी एक कारण आहे. जगभरच्या ग्लायडिंग मैदानांवर शिकणारेच कामकरी असतात. एकाने पंखाचे टोक धरून धावायचे, एकाने तार ओढून आणायची, एकाने वेळ लिहायची. दिवसभरात स्वतःची दोन-तीन उड्डाणे होतात आणि उरलेले तास इतरांच्या उड्डाणांसाठी जातात. ते वाया जात नाहीत. दुसऱ्याची चुकलेली उतरणी जमिनीवरून पाहणे हा फुकटचा धडाच असतो. हडपसरला जाण्याआधी मात्र तिथे त्या हंगामात उड्डाणे चालू आहेत का, प्रशिक्षक आहेत का आणि सध्याचे दर काय आहेत, याची चौकशी करूनच निघावे. पौडहून दोन बस बदलून जाणाऱ्याची सकाळ फुकट जाऊ नये.

दुसरी वाट पश्चिमेला, डोंगराकडे. कोळवण आणि हाडशीवरून तिकोन्याच्या बाजूने पवनेकडे उतरले की मावळ तालुका लागतो आणि पुढे कामशेत. पुणे-मुंबई लोहमार्गावरचे हे गाव गेली पंचवीस-तीस वर्षे पॅराग्लायडिंगचे ठिकाण म्हणून देशभर ओळखले जाते. कारण इथल्या टेकड्यांची ठेवण. टेकडीच्या उतारावर वारा समोरून आदळला की तो वर वळतो आणि उताराच्या अंगाने चढणाऱ्या हवेचा पट्टा तयार होतो. कामशेतच्या परिसरात पश्चिमेला तोंड केलेल्या टेकड्याही आहेत आणि पूर्वेला तोंड केलेल्याही. त्यामुळे हिवाळ्यात पूर्वेचा आणि उन्हाळ्यात पश्चिमेचा वारा धरून ऑक्टोबर ते मे असा लांब हंगाम मिळतो.

पॅराग्लायडर म्हणजे कापडी पंख. त्याला सांगाडा नसतो. पुढच्या तोंडातून हवा आत शिरते आणि त्या हवेच्या दाबावरच पंखाचा आकार टिकतो. सगळे सामान पाठीवर मावते. शिकण्याचे पहिले दोन दिवस मैदानावर पंख डोक्यावर उभा करून धरण्यात जातात. उंचीची घाई झालेल्या मुलांना हा भाग कंटाळवाणा वाटतो, पण इथेच वाऱ्याची खरी ओळख होते. मग छोट्या उतारावरून काही फूट उंचीचे उड्डाण, मग टेकडी. प्राथमिक अभ्यासक्रम तीन-चार दिवसांत पुरा होतो आणि तो काही हजार रुपयांत बसतो. अठरा वर्षांखालच्यांना पालकांची लेखी संमती द्यावी लागते. वेग ताशी पस्तीस-चाळीस किलोमीटर. सामोरा वारा ताशी पंचवीसच्या वर गेला की नवशिक्यांना टेकडीवरून परत पाठवतात, आणि जी शाळा पाठवत नाही तिच्यात शिकू नये, हा साधा निकष. राज्य सरकारने २०२१ मध्ये साहसी पर्यटनाचे धोरण आणून अशा संस्थांना नोंदणी लागू केली आहे. पैसे भरण्याआधी नोंदणीचा कागद पाहायला मागणे यात संकोच करण्यासारखे काही नाही.

एका मोहापासून मात्र मुळशीतल्या मुलांनी लांब राहायला हवे. स्वस्तात मिळालेला जुना पंख आणि मोबाइलवरचे व्हिडिओ यांच्या भरवशावर ताम्हिणीच्या कड्यावरून उडी घेण्याचा विचार जिवावर बेतणारा आहे. कोकणातून येणारा वारा कड्यावर आदळून समोर छान वर चढतो हे खरे, पण कड्याच्या माथ्यामागे तोच वारा उलटा खाली कोसळतो आणि भोवऱ्यासारखा फिरतो. नदीच्या पात्रातल्या मोठ्या धोंड्यामागे पाणी कसे गरगरते ते पाहिले की हे कळते. फरक इतकाच की हवेतला भोवरा दिसत नाही, आणि कापडी पंख त्यात मिटतो. घाटमाथा उडण्यासाठी सुंदर दिसतो, म्हणूनच तो नवख्यासाठी नाही.

पॅराग्लायडिंगविषयी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. त्याचे तास विमानाच्या परवान्यासाठी मोजले जात नाहीत. ज्याला वैमानिकाचा व्यवसाय करायचा आहे त्याने ते हवेची ओळख म्हणून शिकावे. आणि ज्याला फक्त उडायचे आहे, पगारासाठी नव्हे, त्याला आयुष्यभर पुरेल इतके उडणे त्यात आहे.

तिसरी वाट राष्ट्रीय छात्र सेनेची. एनसीसीच्या एअर विंगमध्ये शाळेतल्या मुलांसाठी कनिष्ठ विभाग आणि महाविद्यालयासाठी वरिष्ठ विभाग असतो. छात्रांना एअरोमॉडेलिंग म्हणजे उडणाऱ्या प्रतिकृती बनवण्याचे शिक्षण मिळते आणि निवडक छात्रांना हलक्या मायक्रोलाइट विमानातून प्रशिक्षकाबरोबर उड्डाण करायला मिळते. त्यासाठी छात्राला पैसे पडत नाहीत. उड्डाणे थोडीच असतात आणि ती सगळ्यांच्या वाट्याला सारखी येत नाहीत, हे खरे. पण बाल्साच्या हलक्या लाकडाचा पंख स्वतः घासून, त्याचा तोल साधून ज्याने प्रतिकृती उडवली, त्याला वजनाचा मध्य पुढे-मागे सरकला तर काय होते हे वेगळे शिकवावे लागत नाही. वरिष्ठ विभागातून सी प्रमाणपत्र मिळवणाऱ्याला पुढे हवाई दलाच्या उड्डाण शाखेत लेखी परीक्षेशिवाय थेट मुलाखतीला जाण्याची सोय आहे. अडचण इतकीच की ग्रामीण शाळांत एनसीसी असली तरी ती बहुधा लष्करी विंगची असते. एअर विंग मिळते ती पुण्यातल्या काही महाविद्यालयांत. पौड किंवा पिरंगुटच्या विद्यार्थ्याने अकरावीचे महाविद्यालय निवडतानाच ही चौकशी केली तर पुढचा हेलपाटा वाचतो. प्रवेश झाल्यावर चौकशी करणारेच जास्त.

चौथी वाट सर्वांत अवघड आणि पैशांच्या दृष्टीने सर्वांत स्वस्त. खडकवासल्याच्या तलावाकाठी १९५५ पासून असलेल्या एनडीएत साडेसोळा ते साडेएकोणीस या वयात प्रवेश होतो. हवाई दलासाठी बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित लागते. प्रत्येक तुकडीत उड्डाण शाखेसाठी सुमारे नव्वद जागा असतात आणि देशभरातून लाखो मुले परीक्षा देतात. २०२२ पासून मुलींनाही प्रवेश आहे. सतरा मुलींची पहिली तुकडी ३० मे २०२५ रोजी बाहेर पडली. उड्डाण शाखेत मुलींच्या जागा अजून हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याच आहेत, हे मात्र सांगायला हवे. एकदा निवड झाली की शिक्षण, राहणे, जेवण, गणवेश आणि पुढचे उड्डाणाचे प्रशिक्षण सरकारच्या खर्चाने होते. प्रबोधिनीतच छात्रांना छोटे इंजिन जोडलेल्या मोटर ग्लायडरवर हवेची पहिली ओळख करून देतात. नंतर हैदराबादजवळच्या दुंडिगल अकादमीत खरे विमान. जे शिक्षण बाहेर घ्यायचे तर अर्धा कोटी रुपयेही पुरणार नाहीत, ते इथे पगाराच्या नोकरीसह मिळते. पूर्वीचे हवाई दलप्रमुख विवेक राम चौधरी नांदेड जिल्ह्यातले, प्रदीप वसंत नाईक नागपूरचे, आणि दोघेही एनडीएतूनच पुढे आलेले.

उड्डाण शाखेच्या निवडीत एक चाचणी अशी आहे की ती आयुष्यात एकदाच देता येते. संगणकावर हात, डोळे आणि लक्ष यांचा मेळ तपासणारी ही वैमानिक निवड चाचणी एकदा गेली की तो दरवाजा बंद. डोळ्यांचेही तसेच. रंगांधळेपणा चालत नाही, आणि चष्मा घालवण्यासाठी घाईने केलेली लेझर शस्त्रक्रिया एनडीएला अपात्र ठरवते. हे अनेक घरांत शस्त्रक्रिया झाल्यावर कळते. तयारीसाठी महाराष्ट्र सरकारने १९७७ साली छत्रपती संभाजीनगर इथे सैनिकी सेवा पूर्व शिक्षण संस्था काढली. दहावीनंतर प्रवेश परीक्षा आणि मुलाखतीतून मुले निवडून त्यांची अकरावी-बारावी आणि एनडीएची तयारी तिथे एकत्र होते. मुलींसाठी तशीच संस्था २०२३ पासून नाशिकला आहे. पुण्यातल्या खासगी शिकवण्यांच्या जाहिरातींच्या गर्दीत या सरकारी संस्थांचे नाव मागे पडते.

या चार वाटा करून किंवा ओलांडून ज्याला इंजिनाच्या विमानाकडे यायचेच आहे, त्याचा हिशेब असा. खासगी परवान्याला किमान चाळीस तास लागतात. तासाला पंधरा हजार धरले तर सहा लाख रुपये, आणि चाळीस तासांत परवाना मिळवणारे थोडे. व्यावसायिक परवान्याला दोनशे तास. राहणे, परीक्षा आणि वाढलेले तास धरून हा आकडा साधारण चाळीस लाखांच्या पुढे जातो. विशिष्ट जातीचे मोठे विमान चालवण्याचे प्रशिक्षण त्यानंतर वेगळे, तेही लाखांतच. एवढे करून नोकरीची हमी नाही. १९२८ सालचा बॉम्बे फ्लाइंग क्लब आता उड्डाणाचे शिक्षण धुळ्याच्या धावपट्टीवर देतो. बारामती, शिरपूर, गोंदिया इथेही प्रशिक्षण संस्था आहेत.

हा खर्च आटोक्यात ठेवायचा तर पैसे हातात येण्याआधी करण्यासारखी कामे पुष्कळ आहेत. पहिले काम वैद्यकीय तपासणीचे. डीजीसीएच्या यादीतल्या डॉक्टरांकडून दुसऱ्या वर्गाची तपासणी काही हजारांत होते. ज्या दोषामुळे परवाना मिळणारच नाही तो दोष पाच लाख घालवल्यावर कळण्यापेक्षा आधी कळलेला बरा. मग अभ्यास. हवाई नियम, दिशाशोधन, हवामानशास्त्र आणि विमानाची तांत्रिक माहिती हे विषय घरी पुस्तकांवरून शिकता येतात. लेखी परीक्षेत सत्तर टक्के गुण लागतात. जो लेखी परीक्षा देऊन मगच उडायला जातो, त्याचे विमानातले तास कमी वाया जातात. रेडिओवर बोलण्याचा परवाना वेगळा असतो, आणि इंग्रजी बोलण्याची भीती मोडायला घरचा आरसा पुरतो. शेवटचे म्हणजे सलगपणा. पंधरवड्यातून एकदा उडणाऱ्याचा प्रत्येक वेळी निम्मा तास मागचे आठवण्यात जातो. म्हणून पैसे साठवून दोन-तीन महिन्यांत सलग उडणे हे थोडे-थोडे उडण्यापेक्षा स्वस्त पडते. भाजीपाल्याच्या हिशेबाने विमान शिकायला गेले की ते महाग होते.

मुळशीत याला आणखी एक बाजू आहे. हिंजवडी याच तालुक्यातली. तिच्यामागोमाग पिरंगुट, भूगावपासून पौडपर्यंत जमिनीचे भाव वाढले आणि मुलाच्या वैमानिक होण्यासाठी दोन-चार गुंठे विकण्याचा विचार अनेक घरांत सहज येऊ लागला. विकण्याला हरकत घेण्याचे कारण नाही, क्रमाला आहे. मुलाने हडपसरचे मैदान पाहिलेले नाही, टेकडीवर पंख उभा केलेला नाही, वैद्यकीय तपासणी झालेली नाही आणि जमीन मात्र विकून झाली, हा उलटा क्रम. काही हजार रुपये खर्चून हवेत गेल्यावर ज्याला पोटात ढवळते किंवा ज्याचे मन रमत नाही, त्याचे आणि त्याच्या बापाचे लाखो रुपये तिथेच वाचतात. संस्थेने सगळी फी एकरकमी आगाऊ मागितली तर ती देऊ नये, उडालेल्या तासांप्रमाणे हप्त्याने द्यावी. संस्थेला डीजीसीएची मान्यता आहे का, तिची किती विमाने खरोखर उडण्याच्या स्थितीत आहेत आणि मागच्या तुकडीला परवाने मिळायला किती महिने लागले, हे प्रश्न तिथे आधी शिकलेल्या मुलांना विचारले की उत्तरे खरी मिळतात.

ज्यांच्याकडे विकायला गुंठाही नाही, त्यांच्यासाठी राज्य सरकारच्या काही योजना आहेत. नागपूरच्या महाज्योती संस्थेने इतर मागासवर्ग, विमुक्त जाती-भटक्या जमाती आणि विशेष मागास प्रवर्गातल्या मुलामुलींसाठी नागपूर फ्लाइंग क्लबमध्ये व्यावसायिक वैमानिक प्रशिक्षणाची योजना आणली. वीस जागांची. जाहिरात कधी निघते त्यावर लक्ष ठेवावे लागते. मुदत निघून गेल्यावर बातमी गावात पोहोचते, हा नेहमीचा अनुभव. एनडीएचे तसे नाही. तिची जाहिरात केंद्रीय लोकसेवा आयोग वर्षातून दोनदा काढतो, बारावीत शिकत असलेल्यालाही अर्ज करता येतो, अर्जाचे शुल्क १०० रुपये आहे, आणि मुलींना तेही नाही.